कायदा दारापर्यंत आणतो, पुढचं मालकाच्या हातात: एलजीबीटीक्यू सहकारी आणि आपलं दुकान



या आठवड्याचा व्हिडिओ भरती आणि माणसं टिकवणं यावर आहे. त्यातला एक मुद्दा बारा मिनिटांत मावणारा नव्हता, म्हणून तो इथे सविस्तर लिहिते.

माझ्या जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न येतो. वर्गात कोणी हात वर करून तो विचारत नाही. चहाच्या सुट्टीत, हळू आवाजात येतो. "मॅडम, एक तृतीयपंथी मुलगी काम विचारायला आली होती. बोलायला हुशार वाटली. पण गिऱ्हाईक काय म्हणेल? आणि नाही म्हटलं तर कायद्याचं काही लफडं होईल का?" कधी वेगळा प्रश्न असतो. "आमचा बिलिंगवाला 'तसा' आहे अशी चर्चा आहे. बाकीची पोरं त्याची टर उडवतात. मी मध्ये पडू का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर आज देऊ. आधी थोडा इतिहास, मग दोन खऱ्या घटना, मग कायदा आणि शेवटी आपल्या दुकानात नेमकं काय करायचं ते.

शब्द आधी समजून घ्या

एलजीबीटीक्यू हा एक मोठा गठ्ठा आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे लैंगिक कल, म्हणजे माणसाला कोणाबद्दल ओढ वाटते. समलिंगी पुरुष, समलिंगी स्त्रिया, उभयलिंगी हे सगळे यात येतात. दुसरी म्हणजे लिंगभाव, म्हणजे आपण बाई, पुरुष की आणखी काही, हे माणसाला आतून काय वाटतं ते. जन्माच्या वेळी लिहिलेलं लिंग आणि आतून वाटणारं लिंग जुळत नाही, त्या माणसांना ट्रान्सजेंडर म्हणतात. मराठीत तृतीयपंथी किंवा पारलिंगी हे शब्द वापरतात.

दुकानदाराला हा फरक माहीत असायला हवा, कारण कायदा दोघांना सारखा लागू होत नाही. ते पुढे येईलच.

हे हक्क कुठून आले?

बऱ्याच जणांना वाटतं की हे सगळं परदेशातून किंवा मोठ्या कंपन्यांच्या एचआरमधून आलं. तसं नाही. याची सुरुवात आपल्याच गावांत झाली आहे. 1990 साली अशोक राव कवी यांनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे मासिक सुरू केलं आणि 1994 मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभी राहिली. पुण्यात 2002 मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक ट्रस्ट' काढली आणि या विषयावर मराठीतून लिहायला, बोलायला सुरुवात केली. त्या काळी याबद्दल मराठीत सरळ शब्दांत वाचायला मिळणं मुश्कील होतं.

कोर्टाची लढाई लांबली. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की दोन प्रौढांनी खासगीत, संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. शेवटी 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कलम 377 मधला तो भाग रद्द केला. मधल्या काळात 15 एप्रिल 2014 ला 'नालसा' निकाल आला आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींची स्वतंत्र ओळख कायद्याने मान्य झाली.

या लढाईत फक्त समाजातली माणसं नव्हती. समलिंगी मुलामुलींचे आईवडील स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले होते. आपल्या मराठी रंगभूमी आणि सिनेमातल्या चित्रा पालेकर त्या पालकांमध्ये होत्या. 'आमच्या मुलांना गुन्हेगार ठरवलं की त्याची झळ आख्ख्या कुटुंबाला लागते' असा त्या पालकांच्या म्हणण्याचा अर्थ होता. इंग्रजीत अशा माणसाला 'अलाय' म्हणतात. आपण साथीदार म्हणू. त्रास स्वतःला होत नसताना जो शेजारी येऊन उभा राहतो, तो साथीदार.

आता प्रश्न असा, की कायदा बाजूने आला म्हणजे कामाच्या जागी सगळं ठीक होतं का? दोन घटना बघू.

पहिली घटना: निकाल बाजूने होता, तरी नोकरी धोक्यात आली

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. मूळचे आपल्या विदर्भातले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात दोन दशकांहून जास्त काळ मराठी शिकवत होते. कवी होते, विभागप्रमुख होते. फेब्रुवारी 2010 मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि त्यांच्या खासगी क्षणांचं चित्रीकरण केलं. लगेच दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून त्यांनाच निलंबित केलं. घरात घुसलेले बाजूला राहिले आणि ज्याच्या घरात घुसले त्याच्यावर कारवाई झाली.

तारखा बघा. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल जुलै 2009 चा. म्हणजे हे घडलं तेव्हा तो येऊन सात महिने झाले होते. सिरस सरांच्या निवृत्तीला काही महिनेच उरले होते. त्यांना विद्यापीठाचं राहतं घर सोडायला सांगितलं गेलं. बाहेर भाड्याने जागा मिळवणं आणि टिकवणंही अवघड झालं.

साथीदार इथेही उभे राहिले. वकील, प्राध्यापक, पत्रकार त्यांच्या बाजूने आले. ज्येष्ठ वकील आनंद ग्रोव्हर यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडली आणि 1 एप्रिल 2010 ला निलंबनाला स्थगिती मिळाली. पण 7 एप्रिलला सिरस सर त्यांच्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. पुढे हंसल मेहता यांनी त्यांच्यावर 'अलीगढ' हा सिनेमा केला, मनोज बाजपेयी यांनी सरांची भूमिका केली.

कोर्टात ते जिंकले होते. पण आधीचे जवळजवळ दोन महिने त्यांच्या रोजच्या जगण्यातली एकेक गोष्ट सुटत गेली होती. नोकरी, घर, शेजार. हे सगळं कोर्टाच्या तारखांच्या मधल्या दिवसांत घडतं, आणि त्या दिवसांत माणसाच्या आजूबाजूला असतात ते वरिष्ठ, सहकारी आणि घरमालक.

दुसरी घटना: नोकरी मिळाली, घर मिळालं नाही

2017 मध्ये कोची मेट्रो सुरू झाली. तिथे एक चांगली गोष्ट झाली. 'कुटुंबश्री' ही केरळमधली महिलांची मोठी बचतगट चळवळ. तिच्यामार्फत मेट्रोने 23 ट्रान्सजेंडर व्यक्तींची निवड केली. तिकीट काउंटर, हाउसकीपिंग अशी कामं होती. देशभर बातम्या झाल्या.

पण पहिल्या काही आठवड्यांतच त्यातल्या आठ जणांनी काम सोडल्याच्या बातम्याही आल्या. पगाराची नोकरी होती, ट्रेनिंग झालं होतं, मग का सोडलं? कारण कोचीत त्यांना भाड्याने घर द्यायला कोणी तयार नव्हतं. लॉजवर रोजचे पैसे भरून राहायचं, तर महिन्याच्या पगारातून उरणार काय?

धंदेवाल्याच्या नजरेने हे नीट बघा. तिथे भरतीची पद्धत बरोबर होती, कामही लोकांना जमत होतं. अडचण कामाच्या बाहेर होती आणि तिने माणसं कामावरून नेली. आपल्याकडे एखादी मुलगी परगावाहून कामाला येते, तेव्हा तिच्या हॉस्टेलची, खोलीची चौकशी आपण करतोच ना? तीच चौकशी इथे जास्त गरजेची आहे.

आपल्या महाराष्ट्रातही असे प्रयत्न झालेत. पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं. ग्रीन मार्शल म्हणजे रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांना दंड करणारे. विचार करा, कालपर्यंत ज्यांना सिग्नलवर लोक हाकलत होते, तीच माणसं महापालिकेच्या गणवेशात पावती फाडायला लागली.

कायदा आपल्याला काय सांगतो?

'ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, 2019' हा मुख्य कायदा. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा:

कलम 9: कोणत्याही आस्थापनेने नोकरीच्या बाबतीत ट्रान्सजेंडर व्यक्तीशी भेदभाव करायचा नाही. भरती, बढती, सगळं त्यात आलं. 'आस्थापना' म्हणजे फक्त सरकारी ऑफिस नव्हे. कंपनी, फर्म, सहकारी संस्था, ट्रस्ट हे सगळे त्या व्याख्येत आहेत.

कलम 11: प्रत्येक आस्थापनेने तक्रार ऐकण्यासाठी एक व्यक्ती नेमायची. 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रार आल्यापासून 15 दिवसांत चौकशी आणि अहवाल आल्यापासून 15 दिवसांत कारवाई करायची.

कलम 18: शारीरिक, शाब्दिक, मानसिक, लैंगिक किंवा आर्थिक छळ हा गुन्हा आहे. 2019 च्या कायद्यात त्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे. 'शाब्दिक' हा शब्द लक्षात ठेवा. गोडाऊनमधली चेष्टा यात येऊ शकते.

हे कागदावरच राहतं असं समजू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रान्सजेंडर शिक्षिकेच्या बाजूने निकाल दिला. गुजरातमधल्या एका खासगी शाळेने तिला नेमणूक दिली होती आणि ओळख कळल्यावर रुजू करून घेतलं नव्हतं. कोर्टाने भरपाई द्यायला लावली आणि कायदा नीट राबवला नाही म्हणून सरकारांनाही सुनावलं.

आता दुसरी बाजू. समलिंगी किंवा उभयलिंगी कर्मचाऱ्याचं नाव घेऊन खासगी नोकरीतला भेदभाव थांबवणारा असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. 2018 च्या निकालाने गुन्ह्याचा शिक्का पुसला. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे तुमच्या बिलिंगवाल्याला दुकानात नीट वागणूक मिळते की नाही, हे आज बहुतांशी तुमच्यावर आहे. म्हणून त्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: हो, मध्ये पडा.

दुकानात काय करायचं?

1. पाटी बदला. 'सेल्सगर्ल पाहिजे', 'मुलगा पाहिजे' असं लिहिण्यापेक्षा काम लिहा. 'विक्रीसाठी माणूस पाहिजे. वेळ 10 ते 8. काम शिकवू.' फॉर्मवर स्त्री, पुरुष यांच्यासोबत ट्रान्सजेंडर आणि 'सांगायचं नाही' असे पर्याय ठेवा.

2. मुलाखतीत कामाचंच विचारा. हिशोब येतो का, उभं राहून काम जमेल का, आधी कुठे होता. ऑपरेशन झालं का, लग्न का नाही केलं, घरच्यांना माहीत आहे का, हे आपल्या धंद्याचे प्रश्न नाहीत. बाकीच्यांना विचारत नाही ते यांनाही विचारायचं नाही.

3. नावाचं आधी विचारून घ्या. 'तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?' एवढंच. आधार, बँक, पीएफ यांत जुनं नाव असेल तर पगाराचे कागद तूर्त त्या नावाने ठेवा. पण बॅज आणि रोजची हाक त्या माणसाने सांगितलेल्या नावाने. कागदांवरचं नाव बदलायला जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राचा उपयोग होतो. त्या कामासाठी अर्धा दिवस सुट्टी मागितली तर द्या. नियम बदलत असतात, म्हणून कागदाचं काम करताना आपल्या कर सल्लागाराला किंवा वकिलाला विचारून घ्या.

4. टॉयलेटचा बाऊ करू नका. आपल्या बहुतेक दुकानांत एकच टॉयलेट असतं आणि तेच सगळे वापरतात. त्याला आतून नीट कडी, चालू दिवा आणि झाकणाची कचरापेटी, एवढं बघा. कॉम्प्लेक्समधलं सामायिक टॉयलेट असेल तर तिथल्या व्यवस्थापकाशी तुम्ही आधीच बोलून ठेवा. पहिल्या दिवशी त्या माणसाला वॉचमनशी वाद घालायला लागू नये.

5. गुपित गुपितच ठेवा. एखाद्याने विश्वासाने तुम्हाला सांगितलं, म्हणजे सगळ्यांना सांगायची परवानगी दिली असं नाही. बायकोला, भागीदाराला, कोणालाच नाही. 'बाकीच्यांना सांगायचं का, सांगायचं तर कोणी आणि कधी?' हे त्यालाच विचारा. लहान गावात एक वाक्य संध्याकाळपर्यंत घरी पोचतं आणि त्या वाक्याने एखाद्याचं घर सुटू शकतं.

6. चेष्टेचा नियम सगळ्यांसाठी एकच करा. जात, धर्म, रंग, चालणं-बोलणं, कशावरूनही दुकानात टर उडवायची नाही. एका माणसासाठी वेगळा नियम केला की तो माणूसच टार्गेट होतो. पहिल्यांदा बाजूला घेऊन सांगा, दुसऱ्यांदा लेखी द्या. तक्रार कोणाकडे करायची ते नाव भिंतीवर लावा.

7. पगार बँकेत द्या. पगाराची पावती द्या. खोलीसाठी 'हे आमच्याकडे अमुक तारखेपासून कामाला आहेत' असं लेटरहेडवर लिहून द्या. बाजारपेठेत आपल्या ओळखीचे दहा घरमालक असतात. त्यातल्या एकाला फोन करायला दोन मिनिटं लागतात. कोची मेट्रोतल्या त्या आठ जणांना असाच कोणीतरी हवा होता.

8. 'घरचं माणूस' म्हणजे कोण, ते त्यांना ठरवू द्या. अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा, या रकान्यात नवरा, बायको, वडील एवढेच पर्याय नकोत. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की एलजीबीटीक्यू व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कुठलीही बंदी नाही. ही माहिती आपल्या माणसाला द्या. ग्रुप विमा घेताना जोडीदाराचा समावेश होतो का, हे एजंटला विचारा.

गिऱ्हाईक तुटेल का?

खरं सांगते, एखादं तुटेलही. 'कोणीच काही बोलणार नाही' असं मी म्हणणार नाही. पण बहुतेक गिऱ्हाईक मालकाकडे बघून ठरवतं. माझ्या एका बॅचमधल्या बेकरीवाल्यांनी सांगितलेलं ऐका. त्यांच्या काउंटरवर एक ट्रान्सजेंडर मुलगी बिलिंगला आहे. एक बाई म्हणाल्या, "दुसरं कोणी नाही का बिल करायला?" हे शांतपणे म्हणाले, "ताई, आमचं बिलिंग याच बघतात. तुमचं बिल त्याच करतील." वाद नाही, भाषण नाही. त्या बाईंनी बिल केलं आणि गेल्या. पुढच्या आठवड्यात परत आल्या.

असं एक वाक्य आजच तयार ठेवा. ऐन वेळी सुचत नाही आणि त्या तीन सेकंदांत तुमचा माणूस तुमच्याकडे बघत असतो. तुम्ही मान खाली घातलीत तर त्याला उत्तर कळतं.

आता हिशोब. माझ्या कपड्यांच्या दुकानात नवीन माणसाला साड्यांचे प्रकार, भाव, घड्या आणि बिलिंग यायला दीड ते दोन महिने लागतात. पगार 13,000 धरला तर साधारण 20 ते 26 हजार रुपये शिकवण्यातच जातात. चेष्टेला कंटाळून शिकलेला माणूस गेला तर ते पैसे गेले, आणि ऐन दिवाळीत काउंटर रिकामं. टर उडवणारा पोरगा 'मजा' करत असतो, त्या मजेचं बिल आपण भरतो.

तरी फक्त फायद्यासाठी हे करा असं मी म्हणत नाही. उद्या हिशोब उलटा आला तरी माणसाला माणसासारखं वागवायचंच आहे.

मदत कुठे मिळेल?

सगळं एकट्याने करायची गरज नाही. मुंबईत हमसफर ट्रस्ट, पुण्यात समपथिक ट्रस्ट अशा संस्था वर्षानुवर्षं या विषयात काम करतायत. स्टाफशी बोलायला माणूस हवा असेल, कामाला माणूस हवा असेल तर अशा संस्थांना विचारा. महाराष्ट्रात 2020 पासून तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळही आहे, त्यामुळे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करता येते. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 4 लाख 88 हजार लोकांनी लिंगाच्या रकान्यात 'इतर' लिहिलं होतं, महाराष्ट्रात सुमारे 41 हजार. एवढी माणसं काम शोधतात तेव्हा मोठ्या कंपन्या किती जणांना घेणार? आपल्या दुकानांत, गॅरेजमध्ये, बेकऱ्यांत, पार्लरमध्येच बरीचशी जागा आहे.

आणि एक विनंती. जूनमध्ये दुकानाच्या पेजवर इंद्रधनुष्य टाकायच्या आधी वरची यादी बघा. त्यातल्या चार गोष्टी झाल्या असतील तर खुशाल टाका.

या आठवड्याचा गृहपाठ

नेहमीसारखं वही काढा. एक, दुकानाबाहेरची भरतीची पाटी नव्याने लिहा. दोन, चेष्टेचा नियम एका ओळीत लिहून स्टाफला वाचून दाखवा. तीन, गिऱ्हाईकाला द्यायचं ते वाक्य तुमच्या बोलीत लिहा आणि दोनदा मोठ्याने म्हणून बघा. सोलापूरचं वाक्य वेगळं असेल, सावंतवाडीचं वेगळं. तुमच्या तोंडात बसेल असं असू द्या.

पुढच्या भागात पगारपत्रक आणि पीएफ, एकदम सोप्या भाषेत. भेटू!